सीलबंद माल आणि राज्याची वेस

अमेरिकेत परराज्यातून घरपोच वाइन मागवण्यावर इतके निर्बंध का, याचा माग काढताना मी सर्वाधिक रेंगाळलो ते १८९० मधल्या बिअरपाशी. इलिनॉयमधील पिओरियाच्या लिसी या उत्पादकांनी आयोवातल्या कीओकक गावी सीलबंद बिअर धाडली. आयोवात दारूबंदी; तिथल्या मार्शलने माल जप्त केला. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, माल मूळ वेष्टनात आहे तोवर तो आंतरराज्य व्यापारच. काँग्रेसच्या परवानगीविना राज्याने त्याला हात लावू नये. झाले! कोरड्या राज्यांत ‘मूळ वेष्टना’ची दुकाने निघाली. काँग्रेसने त्याच वर्षी विल्सन कायदा करून हे भगदाड बुजवले. पण १८९८ मध्ये न्यायालयाने त्याचाही अर्थ आक्रसला: माल मागवणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत राज्याचा कायदा लागू नाही. म्हणजे दुकान बंद, पण घरी मागवलेली बाटली मोकळी. अखेर १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांचा नकाराधिकार डावलून वेब-केन्यन कायदा आला. राज्याचा कायदा मोडून वापरायची दारू त्या राज्यात नेण्यासच त्याने मनाई केली.

इथवर हेतू सरळ आहे. जिथे दारू नको, तिथे ती बाहेरूनही येऊ नये. पुढची देशव्यापी दारूबंदी सर्वांना ठाऊक आहे. १९३३ मध्ये ती उठवणाऱ्या एकविसाव्या घटनादुरुस्तीत वेब-केन्यनचीच भाषा उतरली, आणि १९३६ मध्ये न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी तिचा अर्थ फारच ऐसपैस लावला. बाहेरून बिअर आणणाऱ्यांवर कॅलिफोर्नियाने लादलेले ५०० डॉलरचे परवाना शुल्क त्यांनी वैध ठरवले. माझ्या मते कोरडेपणाचे कलम दुकानदारीचे कुंपण बनले ते इथेच. (गोव्याहून येताना इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडून दाखवलेल्यांना राज्याची वेस म्हणजे काय, हे सांगायला नको.)

उत्पादक, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था बहुतेक राज्यांनी रूढ केली. १९८४ ते २००२ या काळात घाऊक व्यापारी १,६०० वरून ६०० वर आले आणि वायनरी ३,००० च्या पुढे गेल्या. इतक्यांचा माल उचलणार कोण? व्हर्जिनियातल्या हुआनिटा स्वीडनबर्ग यांना न्यूयॉर्कच्या ग्राहकाला थेट बाटली पाठवता येईना. न्यूयॉर्कच्या वायनरींना मात्र मुभा. त्यांचा आणि मिशिगनमधला दावा एकत्र ऐकून २००५ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. न्यायमूर्ती थॉमस यांचे विरोधी मत शब्दार्थाने मला भक्कम वाटते. पण शब्द कोणाच्या रक्षणासाठी लिहिले होते, हा प्रश्न त्यात मागे पडतो.

निकालाने मागितली ती फक्त समान वागणूक. सगळ्यांनाच बंदी घालण्याची मुभा राज्यांकडे राहिली. न्यूयॉर्कने त्याच वर्षी परराज्यातल्या वायनरींना दार उघडले, इतर बहुतेकांनी हळूहळू. परराज्यातल्या दुकानदारांना मात्र बहुतेक राज्यांत ते अजून बंद आहे.