कैद्याचा शिधा आणि देशाचा हिशेब

विलायतेच्या पार्लमेंटपुढे दरवर्षी हिंदुस्थानविषयी एक अहवाल ठेवला जाई. 'नैतिक आणि भौतिक प्रगती' हे शब्द त्याच्या नावातच होते. किती मैल लोहमार्ग झाला, व्यापार किती वाढला, महसूल किती जमला, हे सारे त्यात असे. या आकड्यांखालचा माणूस पोटभर जेवतो का, हा प्रश्न दादाभाई नौरोजींनी विचारला, आणि तोही सरकारच्याच कागदांच्या आधारे.

दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते, हे येथे विसरून चालणार नाही. 1876 साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यातले पहिले भांडण आहे ते सरासरीशी. सरकारी कचेऱ्या जिल्ह्याजिल्ह्यांचे दर एकरी उत्पन्न घेत, बेरीज करत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. एका जिल्ह्यात पीक हजार एकर, दुसऱ्यात लाख एकर, तरी दोघांचे वजन सारखेच! (दाखला माझा, चूक सरकारी.) दादाभाईंनी प्रांतवार मुख्य पिकांचे क्षेत्र आणि भाव धरून हिशेब नव्याने मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या 17 कोटी लोकांचे उत्पन्न 340 कोटी रुपये, म्हणजे माणशी वर्षाला 20 रुपये.

पण 20 रुपये थोडे की पुरेसे, हे ठरवायचे कशावर? दादाभाई तुरुंगांच्या अहवालांकडे वळले. सरकार कैद्याला जगण्यापुरते अन्नवस्त्र देते, चैन नव्हे. मुंबई इलाख्यात हा खर्च माणशी 47 रुपयांच्या घरात, बंगालमध्ये 31. वायव्य प्रांतात स्वस्ताई, तरी 21च्या वर. दुसरे माप त्यांनी घेतले ते कलकत्त्याहून वसाहतींकडे जहाजाने जाणाऱ्या मजुरांच्या शिध्याचे. तो शिधा प्रवासात स्वस्थ बसून राहणाऱ्या माणसासाठी बेतलेला होता, नांगर धरणाऱ्यासाठी नव्हे. लग्नकार्य, दुखणे, मर्तिक, नापिकीची बेगमी यांतले काहीच त्यात नाही. शिवाय 20 ही सरासरी. वरच्यांनी आपला वाटा उचलल्यावर खालच्याच्या हाती त्याहून कमी पडते, हेही त्यांनी ओळखले होते.

पुढे आकड्यावर वाद झाले. 1882 मध्ये बेअरिंग आणि बार्बर यांनी 27 रुपये काढले, 1901 मध्ये कर्झन यांनी 30 सांगितले. तीस घेतले तरी दादाभाईंच्या तक्त्यातला मुंबईचा कैदी पुढेच राहतो. मला तर वाटते, या निबंधाचे खरे मोल 20 या उत्तरात नाही, तुरुंगातले ताट माप म्हणून पुढे ठेवण्यात आहे.

त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस फिरला. दुष्काळी कामांवर सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेने मजुरी उतरवण्यात आली : पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याचा दाम आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यातील मजूर जथ्याजथ्याने कामे सोडून निघाले आणि त्यांचे गाऱ्हाणे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारपुढे मांडले.