सोपाऱ्याचं नाणं: अस्सल, नक्कल आणि खोटं

मंडळी, आज सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो. विरारला राहायला आलो तेव्हा एका फिरत्या विक्रेत्याकडून आम्ही चांदीचं छोटंसं नाणं घेतलं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला चैत्य आणि उज्जैन चिन्ह. यज्ञश्री सातकर्णीचं! बारा वर्षं ते वर्गात हातोहात फिरवलं. निवृत्तीनंतर एका जाणकारांनी भिंग लावलं आणि विचारलं, "सर, कडेची ही रेघ कधी पाहिलीत?" तो साच्याचा सांधा होता. यज्ञश्रीची चांदीची नाणी ठशाने ठोकलेली असत; आमचं ओतलेलं निघालं.

आम्हाला हेच नाणं का हवं होतं? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथल्या सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत दगडी पेटी. तिच्यात एकात एक बसवलेले तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक. त्या ठेव्यात यज्ञश्रीचं चांदीचं नाणं मिळालं आणि स्तूपाचं दुसऱ्या शतकाशी नातं जोडता आलं.

आता प्रश्न असा: आमच्या विद्यार्थ्यांचं नुकसान काय झालं? चेहरा तोच, चिन्हं तीच, धडाही बरोबर. मग बिघडलं कुठे?

उत्तरासाठी नाशिककडे जाऊ. १९०६ साली जोगळटेंभीला सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. कोण आधी, कोण नंतर, कोणाचा पराभव झाला, हे त्या दुहेरी ठशांनी सांगितलं. ठसा मारणाऱ्या कारागिराला आपण इतिहासाची साक्ष नोंदवतोय, याची कल्पना तरी असेल का?

इथेच फरक आहे. नकलेत तिच्या कर्त्याला जेवढं ठाऊक, तेवढंच उतरतं. अस्सल नाण्यात वजन, धातूतली भेसळ, झीज, ठशाचे दोष असं बरंच काही असतं; उद्याचा अभ्यासक आज न सुचलेला प्रश्न त्याला विचारू शकतो. आमच्या नाण्याला असा प्रश्न विचारला असता, तर उत्तर साच्याचं आलं असतं, सातवाहनांचं नव्हे. आणि अशी दहा-वीस नाणी अभ्यासात शिरली, तर खऱ्या नाण्यांची साक्षही संशयित ठरते. खरेदीदाराचे पैसे बुडतात ते वेगळंच.

म्हणून नक्कल वाईट, असं आम्ही म्हणत नाही. ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी यांनी प्राचीन नाण्यांच्या हुबेहूब प्रती केल्या. त्यांतल्या अनेकांच्या कडेवर त्यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत. नक्कल 'मी नक्कल आहे' म्हणते, तोवर ती शिक्षकाची मदतनीस असते. ती ओळख लपवली, की ती खोटी साक्षीदार होते. वस्तू तीच, फरक काय तो सांगण्यातला.

आमचं नाणं आता एका पाकिटात आहे. पाकिटावर आम्ही ठळक अक्षरांत लिहिलंय, 'नक्कल'. पण त्या बारा वर्षांतल्या विद्यार्थ्यांना हे सांगायचं राहूनच गेलं होतं. त्यांतलं कुणी ऐकत असेल, तर आमची दुरुस्ती नोंदवून घ्या.