आखाजीचा झोका आणि ओट्यावरचे नाटक



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे चार शब्द माझ्या हातून व्हावयाचे नाहीत. पण डोळ्यांनी जे पाहिले, वडीलधाऱ्या बायांकडून जे ऐकले आणि वाचनालयातून आणून जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवते. विषय घरातलाच आहे. शाळेला सुट्टी लागली की मुले विचारतात, "आई, आपण कुठे जायचे?" आणि आई मनातल्या मनात घरखर्चाचा हिशेब मांडू लागते. थोड्या पैशांत साऱ्या घराचा विरंगुळा कसा व्हावा, हा प्रश्न आपल्या आजेसासूबाईंपुढेही होता. त्यांनी तो कसा सोडविला, हे पाहण्यासारखे आहे.

शाळा आल्या त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या खान्देशात एक मोठी सुट्टी होती. ती म्हणजे आखाजी. पंचांगात तिला अक्षय तृतीया म्हणतात. वैशाखाच्या या दिवसांत रब्बी घरात आलेली असते व पेरणीला अजून अवकाश असतो. शेत मोकळे, बैल मोकळे, माणसेही थोडी मोकळी. सालदाराचे साल आखाजीला पुरे होते आणि नवे साल तेव्हाच ठरते. वर्षभर दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या गड्याला जसा हा सुटकेचा दिवस, तसाच सासरी नांदणाऱ्या लेकीलाही. भाऊ मुऱ्हाळी होऊन गाडी घेऊन यायचा आणि ती माहेरी जायची. वर्षातून मिळणारी तिची ही एकच सुट्टी.

माझे माहेर धुळ्याकडचे, पांझरेच्या काठचे. तेथे आखाजीला पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर खरबूज, आंबे व सांजोरी असा पितरांचा मान होई. त्याआधी घरात कोणी आंबा चाखत नसे. दुपार कलली की बाया लिंबाच्या झाडाखाली जमत. झोक्याला लागे तो एक दोर आणि एक फळी. लिंबाची फांदी कोणाकडे भाडे मागत नाही! झोक्यावर गाणी व्हावयाची ती भावाची, सासरची, गौराईची. गौराईच्या मिरवणुकीत आम्ही मुली वडिलांचा फेटा बांधून, कोणी नवरदेव, कोणी फौजदार अशी सोंगे आणीत असू. बहिणाबाई चौधरी (1880–1951) आसोद्याच्या लेकी व जळगावच्या सूनबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण आखाजीवर त्यांनी रचना केली. त्यांच्या कविता 1952 साली पुस्तकरूपाने निघाल्या, म्हणून तो झोका आज साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

जुने ते सारेच सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. आखाजीला बाया झोक्यावर असत तेव्हा कित्येक घरचे पुरुष पत्त्यांच्या डावावर बसलेले असत, आणि हरलेल्या पैशांची झळ पुढे बाईलाच लागे. साऱ्या वस्त्यांचा झोका एकाच झाडाला बांधलेला नसे, हेही खरे. आणखी एक गोष्ट. लेक माहेरी आली म्हणजे तिला विसावा मिळे. पण वहिनीही आपल्या माहेरी गेलेली असे, मग चूल म्हाताऱ्या आईच्या गळ्यात पडे. सण स्वस्त होता, पण फुकट नव्हता. ज्याला पैसे पडत नाहीत, त्याला कोणाचे तरी हात पडतात. हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे, ही विनंती.

आखाजीनंतर आठच दिवसांनी वैशाख शुद्ध एकादशी येते. त्या दिवशी अमळनेरला संत सखाराम महाराजांचा रथ निघतो व पौर्णिमेला पालखी असते. जत्रा भरते ती बोरी नदीच्या पात्रात. मे महिन्यात नदी कोरडी, शाळा बंद आणि लेकी माहेरी आलेल्या. सारे कसे जुळून येते! भाकरी-चटणीची शिदोरी घ्यावी, वाळूत बसून खावी, मुलांना पाळण्यात बसवावे, मातीची खेळणी घ्यावीत आणि रात्री परतावे, अशी ती सहल. गावोगावच्या लहान जत्रांतून भगत एकापुढे एक जोडलेल्या बारा गाड्या ओढतो. त्या बारागाड्या पाहण्याला तिकीट नाही. रात्री तमाशाचा फड रंगे, पण तेथे घरच्या बायांनी बसावयाचे नाही, असा दंडक होता. बाया अंधारात घराच्या माळवदावरून ऐकत. करमणूक गावाची, पण अर्धे गाव बाहेर.

दिवाळीच्या सुट्टीत जळगावचा रथ येतो. श्रीराम मंदिराचा हा रथोत्सव संत अप्पा महाराजांनी 1872 साली सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून वाहने निघतात आणि एकादशीला रथ. एवढा अवजड रथ अरुंद गल्ल्यांतून नेताना चाकाला मोगरी लावून वळविणाऱ्यांचे कसब पाहावे! मुले तेच पाहण्यासाठी हट्टाने पुढे घुसतात. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो व तेथे मान दिला जातो. मुलांना शेजारधर्म शिकवावयाला याहून सोपा पाठ नाही.

नाताळच्या सुट्टीचीही एक आठवण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते आणि महात्मा गांधी आलेले होते. गांधीजींच्या आग्रहाने शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी सारे टिळकनगर बांबू व खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंनी सजविले. देशाच्या पुढाऱ्यांचा मंडप जर बांबूत शोभतो, तर आपल्या मुलांच्या नाटकाला मखमली पडदा कशाला हवा?

आता नाटकाकडे वळते. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे आपले बालगंधर्व (1888–1967). त्यांचे लहानपणीचे काही दिवस जळगावात गेले. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि शालू नेसून त्यांनी जी नायिका उभी केली, तिची नेसण व बोलण्याची ढब घरोघरच्या बायांनी उचलली. त्या काळी बायांनी रंगभूमीवर पाय ठेवणे कुलीनपणाला शोभत नसे, म्हणून स्त्रीची भूमिका पुरुषांनी करावयाची. पण गंमत पाहा. त्याच काळी आपल्या खान्देशच्या अंगणात मुली फेटे बांधून पुरुषाची सोंगे आणीत होत्या! भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई बसते. तिच्या गाण्यांत सासू, नणंद, दीर, वैद्य सारे येतात, आणि मुली हातवारे करून ते वठवितात. शेवटी झाकलेला खाऊ ओळखावयाचा. कोणी या मुलींना नटी म्हटले नाही, आणि त्यांचे नाव कोणत्या नाट्य-इतिहासात आलेले नाही. पण आपल्या बायांचे नाट्यशिक्षण तेथेच झाले, असे मला वाटते.

मुलांसाठी वेगळे नाटक असावे, हा विचार मराठीत जोमाने रुजला तो 1959 साली. मुंबईत सुधाताई करमरकर यांनी 'लिटल थिएटर' काढले व रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. राक्षस, राजकन्या, जादू हे सारे मुलांना समोर दिसू लागले. पुढे सुट्टीत बालनाट्ये लावण्याची चाल वाढली. आपल्या शहरात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. पण मोठ्या गावातून नाटक येते तेव्हा पाच माणसांच्या घराला पाच तिकिटे, जाण्या-येण्याची रिक्षा आणि मध्यंतराचा वडा मिळून महिन्याचे गणित कोलमडते. मग आपण घरीच राहतो.

घरीच राहावे असे मात्र नाही. पुष्कळ ठिकाणे जवळ आहेत. मेहरूणचा तलाव आहे. एरंडोलजवळचे पद्मालय आहे. तेथे कमळांचे तळे आहे व मंदिरात डाव्या-उजव्या सोंडेचे दोन गणपती शेजारी बसलेले आहेत. चोपड्याकडे उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. धुळेकरांना लळिंगचा किल्ला आहे, तसेच इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे, 1927 साली स्थापन झालेले संशोधन मंडळ आहे. जैन हिल्सवरील गांधीतीर्थ 2012 पासून पाहावयास मिळते. एक गोष्ट मात्र गेली, तिची हळहळ वाटते. पाचोरा ते जामनेर धावणारी आपली लहान रुळांची पी.जे. गाडी 2020 साली थांबली आणि तो मार्ग रुंद करावयाचे ठरले. तो रुंद झाल्यावर गाडी जोरात जाईल, हे चांगलेच. पण शेंदुर्णी, पहूर घेत रमतगमत जाणाऱ्या त्या गाडीत बसणे हीच मुलांची सहल होती. कोठे पोहोचावयाची त्यांना घाई नव्हती.

आता मूळ मुद्द्यावर येते. सहल जवळची असो वा लांबची, पहाटे चारला उठून पोळ्या लाटणारी कोण? डबे भरणारी, पाण्याच्या बाटल्या मोजणारी, परत आल्यावर भांडी घासणारी कोण? सुट्टी मुलांची, राबणूक आईची. आखाजीने आपल्याला शिकविले ते असे की, बाईलाही सुट्टी लागते. आणि तिच्या सुट्टीचे ओझे दुसऱ्या एकाच बाईवर टाकू नये, हे आपण त्यात भर घालून शिकावे.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या गल्लीने हे करून पाहिले, त्याची नोंद या स्मरणिकेत राहावी. मुलांनी ओट्यावर नाटक केले. दोन जुन्या नऊवारी लुगड्यांचा पडदा, खोक्याच्या पुठ्ठ्याचे मुकुट, आणि दिव्यासाठी समोरच्या घरातून घेतलेली वायर. खर्च झाला तो रंगाचा व भेळीच्या मुरमुऱ्यांचा. स्वयंपाक वरण-बट्टीचा होता. बट्ट्या गोवऱ्यांच्या विस्तवावर पुरुष मंडळींनी भाजल्या. काही करपल्या, पण कोणी तक्रार केली नाही, कारण त्या दिवशी आपण साऱ्याजणी पुढच्या रांगेत बसलेल्या होतो. मुलांचे नाटक संपल्यावर आपल्यातील सत्तरीच्या एका आजींनी फेटा मागून घेतला आणि आखाजीचा नवरदेव करून दाखविला. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "वीस वर्षे एका घरात राहतो, पण आत्यांना हे येते हे मला माहीतच नव्हते."

येत्या वैशाखात मंडळाने दोन दिवस राखून ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. एक दिवस सहलीचा व एक नाटकाचा. प्रत्येक घराने एकेकच जिन्नस आणावा, चूल पुरुषांकडे असावी आणि झोका सर्वांसाठी एकाच झाडाला बांधावा. ज्या घरी पैशाची ओढ आहे, त्या घरच्या मुलाला मुकुट आधी मिळावा. कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा, ही नम्र विनंती.