पगार नाकारणारी पलटण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सज्जनांना, कारण त्यांनी आपल्या देशातल्या कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवले होते. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी या अर्पणपत्रिकेबद्दल वर्गात दरवर्षी सांगत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, सोडवणारे सगळे गोरेच होते का? ते लोक स्वतः लढले नाहीत?” मला धड उत्तर देता आले नाही. घरी येऊन वाचायला बसलो आणि मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पायदळ पलटणीची गाठ पडली. आज तिच्याबद्दल बोलायचे आहे.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ मध्ये पेटले, ते मुळात गुलामगिरीच्या प्रश्नावरून. उत्तरेकडे संघराज्याचे सरकार, दक्षिणेकडे फुटून निघालेली राज्ये. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि मुंबईत कापसाच्या भावाने आभाळ गाठले. आपल्याकडे त्या युद्धाची आठवण राहिली ती त्या शेअरबाजाच्या तेजीमुळे आणि १८६५ च्या दिवाळखोरीमुळे. पण ते असो.

पहिली दोन वर्षे उत्तरेलाही कृष्णवर्णीय शिपाई नको होते. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला आणि दार उघडले. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी लगेच पलटण उभारायला घेतली. त्या राज्यात कृष्णवर्णीयांची वस्ती थोडी, म्हणून पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायोपर्यंत माणसे धाडून भरती केली. गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचणारे फ्रेडरिक डग्लस यांची दोन मुले, लुईस आणि चार्ल्स, या पलटणीत आली. १९८९ च्या ‘ग्लोरी’ या चित्रपटात बहुतेक शिपाई पळून आलेले गुलाम दाखवले आहेत. प्रत्यक्षात बरेचसे उत्तरेत जन्मलेले स्वतंत्र नागरिक होते. कोणी शेतमजूर, कोणी न्हावी, कोणी खलाशी. अधिकारी मात्र गोरेच. कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ अवघे २५ वर्षांचे.

शत्रूच्या हाती लागलो तर काय होईल, हे या लोकांना ठाऊक होते. दक्षिणेच्या काँग्रेसने ठरवून टाकले होते की, अशा पलटणींच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देहदंड देता येईल आणि कृष्णवर्णीय शिपाई राज्यांच्या हवाली केले जातील. म्हणजे पुन्हा गुलामी किंवा फास. तरीही २८ मे १८६३ रोजी पलटण बोस्टनच्या रस्त्यांवरून संचलन करत बंदरावर गेली आणि दक्षिण कॅरोलिनाकडे निघाली.

चार्ल्स्टनच्या तोंडाशी मॉरिस बेट आहे. त्यावर वॅग्नर नावाचा वाळूचा आणि ओंडक्यांचा किल्ला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मधून वाळूची चिंचोळी पट्टी. १८ जुलैला दिवसभर त्यावर तोफा डागल्या, पण आतले लोक तळघरात सुरक्षित होते. संध्याकाळी हल्ल्याचा हुकूम झाला. आघाडीवर ५४ वी पलटण, सुमारे ६०० माणसे. तटापर्यंत पोचली, तटावर चढलीही. पण टिकणे अशक्य होते. कर्नल शॉ तटावरच पडले. २७० च्या आसपास माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. वरचे सगळे अधिकारी पडल्यामुळे पलटणीची सूत्रे लुईस एमिलिओ या कॅप्टनकडे आली. त्याचे वय १८. आपल्याकडे या वयाचा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतो! निशाण धरणारा कोसळला, तेव्हा विल्यम कार्नी या सार्जंटने ते उचलले आणि अनेक जखमा अंगावर घेऊन परत आणले. त्याबद्दल त्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते १९०० साली.

आणखी एका सार्जंटची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. रॉबर्ट सिमन्स, मूळ बर्म्युडाचा. हल्ल्याच्या काही दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगल उसळली. जमावाने कृष्णवर्णीयांना वेचून मारले, त्यांत सिमन्सचा भाचा होता. इकडे सिमन्स वॅग्नरला जखमी होऊन पकडला गेला आणि कैदेत वारला.

चित्रपट वॅग्नरपाशी संपतो. मला मात्र खरी लढाई त्यानंतरची वाटते. भरतीच्या वेळी वचन होते, गोऱ्या शिपायाइतकाच पगार, महिना १३ डॉलर. प्रत्यक्षात सरकारने १८६२ च्या कायद्यावर बोट ठेवले. कृष्णवर्णीयाला १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. सार्जंट असला तरी तेवढेच. हा कायदा मुळी छावणीतल्या मजुरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला. पलटणीने काय करावे? एक सेंटही घेतला नाही. मॅसॅच्युसेट्स सरकारने वरची रक्कम आपल्या तिजोरीतून भरून देऊ केली; तीही नाकारली. तुटीचे डॉलर कोणी भरायचे, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. आपण शिपाई की मजूर, एवढेच त्यांना सरकारकडून हवे होते. घरी बायकामुले उपाशी, पत्रांतून ती कळवत होती. आणि हे लोक मॉरिस बेटावर खंदक खणत, तोफांच्या माऱ्याखाली, फुकट. दुसऱ्या एका कृष्णवर्णीय पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर याने पगारासाठी आपल्या माणसांसह शस्त्रे खाली ठेवली, तर त्याला बंडखोर ठरवून २९ फेब्रुवारी १८६४ रोजी गोळ्या घातल्या. ५४ व्या पलटणीने शस्त्र खाली ठेवले नाही, फक्त पगार घेतला नाही.

कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट लिंकन यांना पत्र लिहिले. व्हेलच्या शिकारीच्या जहाजांवर काम केलेला हा माणूस अतिशय सभ्य भाषेत विचारतो, शिपायाचे काम आम्ही केले, मग शिपायाचा पगार का नाही?

पुढच्या फेब्रुवारीत फ्लॉरिडात ऑलस्टीला उत्तरेचा दारुण पराभव झाला. माघार झाकण्याचे काम या पलटणीकडे आले. जखमींनी भरलेल्या गाडीचे इंजिन वाटेत बंद पडले, तर थकलेले शिपाई मागे फिरले, डब्यांना दोर बांधले आणि गाडी कित्येक मैल ओढत नेली. बिनपगारी! गुडिंग त्याच लढाईत जखमी होऊन पकडला गेला. त्याला अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध बंदीछावणीत टाकले.

१५ जून १८६४ रोजी काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. पण त्यातही मेख होती. १९ एप्रिल १८६१ ला जो स्वतंत्र होता, त्यालाच भरतीपासूनचा पूर्ण फरक. इतरांना १८६४ च्या जानेवारीपासून. पलटणीत पळून आलेले गुलामही होते, त्यांनी काय करायचे? शॉ यांच्यानंतरचे कर्नल एडवर्ड हॅलोवेल क्वेकर घराण्यातले. त्यांनी शपथेचा मसुदा असा केला की, त्या तारखेला माझ्या फुकट श्रमावर कोणाचाही हक्क नव्हता. देवाच्या कायद्याने तो कोणाचाच नसतो! सगळ्यांनी शपथ घेतली. कायद्याला बगल देण्याचा इतका प्रामाणिक प्रकार माझ्या वाचनात दुसरा नाही. सप्टेंबरअखेर, म्हणजे दीड वर्षाने, पगार झाला. गुडिंगला तो मिळाला नाही. कायदा होऊन महिना उलटतो न उलटतो, तोच १९ जुलैला तो कैदेत वारला होता.

पुढे हनी हिलची लढाई झाली आणि जनरल ली यांनी शरणागती पत्करल्यानंतरही बॉइकिन्स मिलची. २ सप्टेंबर १८६५ रोजी पलटण बोस्टनला परतली, संचलन झाले आणि माणसे घरोघर पांगली.

बोस्टनमध्ये १८९७ साली त्यांचे स्मारक उभे राहिले. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स. घोड्यावर शॉ, बाजूने चालणारे शिपाई, प्रत्येक चेहरा निराळा. पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे तेव्हा दगडात कोरली. वॅग्नरला पडलेल्या शिपायांची नावे त्यावर आली १९८० च्या दशकात. त्या मुलीला हे उत्तर द्यायचे राहून गेले. ती तोवर शाळा सोडून गेली होती.