उलटा वळलेला ओढा

पुण्याचा जुना स्थलनिर्देशक नकाशा पाहायचा तर एक पत्रक पुरत नाही. ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ ही दोन पत्रके जोडून ठेवावी लागतात. त्यांच्यामधली सीमा म्हणजे १८ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षवृत्त, आणि ते नेमके पर्वतीच्या परिसरातून जाते. त्यामुळे कात्रजला उगम पावणारा आंबिल ओढा एका पत्रकावर सुरू होतो आणि दुसऱ्यावर मुठेला मिळतो. विद्यार्थ्यांना ही जोडणी स्वतः करू द्यावी.

आता ओढ्यावर बोट ठेवून उत्तरेकडे चला. पर्वतीच्या पायथ्याशी तो एकदम पश्चिमेकडे वळतो. मुठा तर इथे ईशान्येकडे वाहते. उपनदी सहसा मुख्य नदीच्या प्रवाहाच्या दिशेने झुकून तिला मिळते. हा ओढा मात्र नदीच्या वरच्या अंगाला का जातो?

उत्तर इतिहासात आहे. जुने पुणे पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबिल ओढा यांच्यामध्ये वसलेले होते. ओढा आजच्या बाजीराव रस्त्याच्या बाजूने येऊन शनिवारवाड्याजवळ मुठेला मिळे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७४०-१७६१) पर्वतीखाली बांध घालून तळे केले गेले आणि ओढा पश्चिमेकडे वळवला गेला. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. मोकळ्या झालेल्या पश्चिमेच्या जमिनीवर शहर पसरत गेले. एक इंचाला एक मैल प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा ५० फुटांच्या अंतराने असतात. शहरातले जुने पात्र टिपायला हे अंतर फार मोठे आहे, म्हणून ते त्यात शोधू नये. पुरावा आहे तो वळणाचा.

नकाशातली आणखी एक खूण शिक्षकांनी मुद्दाम दाखवावी. बारमाही पाणी निळ्या रंगात असते, पण एरवी कोरड्या राहणाऱ्या ओढ्यांची रेघ काळी असते. नवख्याला ती पायवाटेसारखीच वाटते आणि नजर पुढे सरकते. शहर वाढताना माणसांचेही असेच झाले असावे. जुन्या पत्रकावर पर्वतीच्या दक्षिणेला ही रेघ गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीतून जाते. आज तिच्या दोन्ही काठांना घरे आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टीने आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वरच्या परिसरात पाणी घरांत शिरले, भिंत पडली, माणसे दगावली. ते ठिकाण जुन्या पत्रकावर शोधले, तर बोट काळ्या रेघेवरच येते.