बाळंतविडा आणि काटकसर

बंगळूरच्या उत्तरेस असलेले येलहंका हे त्या महानगराहूनही जुने गाव आहे. येथील नाडप्रभू केंपेगौडाने १५३७ मध्ये बंगळूरचा किल्ला व पेठ वसविली. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले आणि पुढे तो मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. त्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थायिक झाली. बखरींनी स्वाऱ्यांची वर्णने केली. पण घरात पाळणा हलणार म्हणून गृहिणीने केलेल्या तयारीची दखल त्यांनी घेतली नाही. तिचा माग भाषेत आणि रीतिरिवाजांतच काढावा लागतो.

मराठीतील ‘बाळंतीण’ कानडीत ‘बाणंति’ म्हणून भेटते. आपली गोधडी तिकडे ‘कौदी’ होते. तीही जुन्याच कापडाची. पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी जावे, हा प्रघात दोन्ही भाषांच्या घरांत आहे. या सर्वांच्या मुळाशी एक विचारपूर्वक केलेली काटकसर होती. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुनेराची दुपटी आणि लंगोट होत. पाळणा एका घरातून दुसऱ्या घरात फिरे. झबले, टोपडे, कुंची असा बाळंतविडा आप्तस्वकीयांकडून येई. सुईणीला धान्य आणि लुगडे-चोळी मिळे. रोख पैसा फारसा लागत नसे, कारण खर्चाचा भार अनेक हातांनी उचललेला असे.

जन्मापूर्वी बाळासाठी नवे कापड आणू नये, असा संकेतही अनेक घरांत होता. त्यात बचत होती, तशी भीतीही होती. जन्मलेले मूल हाती लागेल, याची शाश्वती कोणालाच नव्हती. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने किती बालके दगावली असतील, याची गणती नाही. तेव्हा जुन्या व्यवस्थेची थोरवी सांगताना तिचे हे उणेपणही नजरेआड करता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या वाढल्या आणि कोकण-देशावरची माणसे चाळींतल्या एकेका खोलीत राहू लागली. येथे माहेर दूर होते; शेजार होता, पण तोही तितकाच निर्धन. बाळंतपणास आता रोख पैसा लागू लागला. टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासून सुरू होती, तथापि पोटापुरतीही मजुरी न मिळणाऱ्याने शिल्लक कशातून टाकावी? मग सावकाराची पायरी चढणे आले. रुपयास दरमहा एक आणा व्याज, म्हणजे सालीना शेकडा पंचाहत्तर, हा दर कामगारवस्तीत अपरिचित नव्हता. ते देणे फेडण्यासाठी ओली बाळंतीण पुन्हा साच्यावर उभी राही आणि मागे राहिलेले मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी दिली जाई. कापडात करावयाची काटकसर आईच्या विश्रांतीत आणि लेकराच्या प्राणात होऊ लागली.

या दुःस्थितीवर घरगुती शहाणपणाचा उपाय पुरेसा नव्हता. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिविषयक विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे आणि तिच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकानेही त्यातून सुटता कामा नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. देशातील या प्रकारचा तो पहिला. १९६१ मध्ये सबंध भारतासाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. पूर्वी आप्तेष्टांनी वाटून घेतलेला भार आता समाजाने कायद्याच्या द्वारे वाटून घेतला, असेच याचे वर्णन करता येईल.

मात्र ही वाटणी अजून अपुरी आहे. येलहंक्यात १९८४ मध्ये रेल्वेच्या चाकांचा कारखाना सुरू झाला. २००८ मध्ये गावाच्या उत्तरेस विमानतळ आला आणि वस्ती वाढत गेली. नियमित वेतनाच्या नोकरीत असलेल्या स्त्रीला रजेचा आधार आहे. परंतु नव्या इमारतींवर विटा वाहणाऱ्या स्त्रीला, देशात सर्वत्रच, काम थांबले की मजुरीही थांबते. २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपयांचे साहाय्य दिले. सव्वीस आठवड्यांच्या वेतनाशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

जुनेराच्या दुपट्यात बाळ आजही सुखाने निजते आणि उसना पाळणा नव्याइतकाच हलतो. तेथे केलेली बचत शहाणपणाची आहे. पण मातेचा आहार, तिचे औषधपाणी आणि तिचा विसावा यांत कोणाही घराला काटकसर करावी लागू नये. गिरणगावाने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकविला आहे.