सम्राट अशोक आणि अंधारातलं क्षितिज

फुगडी घालून एकदम थांबलं की अंगण फिरतच राहतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. आपण थांबलो तरी ते पाणी लगेच थांबत नाही, म्हणून असं होतं. जमिनीवर हे हसण्यावारी जातं. रात्री विमान चालवणाऱ्याचा मात्र यात जीव जातो. बाहेर काळोख असला की विमान सरळ आहे की एका अंगावर कललंय, हे शरीराला खात्रीने कळत नाही.

म्हणून कृत्रिम क्षितिज नावाचं यंत्र आलं. गवंड्याची पाणसळ इथे चालत नाही, कारण वळणाऱ्या विमानात पाणीसुद्धा फसतं. यंत्राच्या पोटात जोरात फिरणारं चाक असतं. भोवरा फिरत असेपर्यंत पडत नाही, तसं हे चाक आपली दिशा सोडत नाही. त्याच्या आधाराने वर आकाश, खाली जमीन आणि मध्ये रेघ असं चित्र दिसतं. 1929 साली अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी बाहेरचं काहीच दिसू नये म्हणून आपली बैठक झाकून घेतली, आणि निव्वळ यंत्रं बघत विमान उडवून परत उतरवून दाखवलं. तेव्हापासून वैमानिकांना एकच शिकवण: अंगाचं ऐकू नका, यंत्राचं ऐका.

पण यंत्रच खोटं बोललं तर?

1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' दुबईला निघालं. हे कंपनीचं पहिलं जंबो जेट, 1971 साली आलेलं. आत 190 प्रवासी आणि 23 कर्मचारी होते. विमान समुद्रावर गेलं, उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. कॅप्टनच्या समोरचं क्षितिज मात्र उजवीकडे कललेलंच राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, दिवा नाही की डोंगर नाही. विमान सरळ करायचं म्हणून त्यांनी ते डावीकडे वळवलं, आणि वळवतच राहिले.

अशी यंत्रं तिथे तीन होती: कॅप्टनचं, सहवैमानिकाचं आणि एक राखीव. बँकेतून पैसे काढायला आपण एकीच्याच सहीवर भागवत नाही ना, तसंच हे. कॅप्टन म्हणाले, माझं यंत्र बिघडलंय. सहवैमानिक म्हणाला, माझंही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने त्या यंत्रावर जाऊ नका असं सांगितलं. पण ते सांगेपर्यंत विमान 90 अंशांच्याही पुढे कललं होतं. उड्डाणानंतर दोन मिनिटंही झाली नव्हती. वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर ते समुद्रात कोसळलं. 213 पैकी कोणीच वाचलं नाही.

आधी घातपाताचा संशय आला. चौकशीत निघालं ते एवढंच, की कॅप्टनचं यंत्र बिघडलं आणि बाकीच्या यंत्रांवरून विमान सावरता आलं नाही. अमेरिकेत कंपन्यांवर दावा झाला, तो 1985 साली फेटाळला गेला. मला मात्र त्या तिघांची दया येते. रागवावं असं वाटत नाही. यंत्रावर भरवसा ठेवायचा हेच तर त्यांना शिकवलं होतं.

त्याच सुमारास जगात आणखीही मोठे अपघात झाले. विमानात सगळं ठीक असूनही माणसांचं आपसांतलं बोलणं कमी पडतं, हे त्यांतून दिसलं. 1979 पासून अमेरिकेत त्यावर विचार सुरू झाला आणि पुढे वैमानिकांना तसं प्रशिक्षण मिळू लागलं. विमान जास्त कललं की आता कित्येक विमानांत यंत्रच मोठ्याने ओरडतं. दोन क्षितिजं वेगळं दाखवू लागली तर तिसरं बघायचं, हा नियम झाला. आणि सहवैमानिकाला सराव दिला जातो: कॅप्टनला स्पष्ट सांगायचं, "आपण डावीकडे कलतोय." ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं. तरीही काही हललं नाही, तर विमान स्वतःच्या हातात घ्यायचं.